कॉन्झर्व्हेशन ईझमेंट दान करताना जमीनमालकाच्या खिशातून काय जातं, आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेत तुमच्या नावावर शेत, कुरण किंवा जंगल आहे, आणि तुमच्यानंतरही तिथे प्लॉट पडू नयेत असं तुम्हाला मनापासून वाटतं. त्यासाठी तिथल्या कायद्यात एक भक्कम वाट आहे, कॉन्झर्व्हेशन ईझमेंट. ईझमेंट म्हटलं की आपल्याला शेजाऱ्याच्या बांधावरून जाणारा वहिवाटीचा रस्ता आठवतो. हा प्रकार वेगळा आहे. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कायमची, मालकाला पुसता न येणारी नोंद झाली असं समजा. जमीन तुमचीच राहते. ती विकता येते, मुलांना देता येते, कसता येते. फक्त ती तोडून विकण्याचा आणि तिच्यावर वाटेल तसं बांधण्याचा हक्क तुम्ही एखाद्या लँड ट्रस्टला, म्हणजे जमिनी राखणाऱ्या ना-नफा संस्थेला, किंवा सरकारी संस्थेला देऊन टाकता. ट्रस्ट तो हक्क वापरत नाही, राखून ठेवतो. पुढचा प्रत्येक मालक त्या नोंदीला बांधील असतो.

दान आहे म्हणजे खर्च कसला, असं नव्याने आलेल्या माणसाला वाटतं. खर्च बराच असतो, आणि करसवलतीचा पहिला डॉलर हातात येण्याच्या आधी तो करून झालेला असतो. मध्येच काही अडलं तर झालेला खर्च परत येत नाही. म्हणून या कामात एकूण आकड्याइतकाच खर्चाचा क्रम महत्त्वाचा: जे काम स्वस्त आहे आणि जिथे सगळं अडू शकतं, ते आधी करायचं. महागडं मूल्यांकन शेवटाकडे.

आधी कागदावर गणित

एक कल्पित उदाहरण घेऊ. 60 एकर जमीन, आजचा बाजारभाव 6,00,000 डॉलर. ईझमेंट घातल्यावर तीच जमीन 3,60,000 ला जाईल. फरक 2,40,000 डॉलर, हेच तुमचं दान. केंद्रीय करात अशा दानाची वजावट एका वर्षात तुमच्या एजीआयच्या, म्हणजे समायोजित ढोबळ उत्पन्नाच्या, 50 टक्क्यांपर्यंत घेता येते आणि उरलेली पुढच्या 15 वर्षांत. 2015 च्या कायद्याने हा नियम कायमचा झाला. ढोबळ उत्पन्नातलं निम्म्याहून जास्त शेतीतून येत असेल आणि जमीन शेतीसाठी उपलब्ध राहील अशी अट दस्तात असेल, तर ही मर्यादा 100 टक्के आहे. पगारदार माणूस यात बसत नाही, मग शनिवार-रविवारी तो कितीही ट्रॅक्टर चालवो.

आता नवरा-बायकोचं मिळून एजीआय 1,80,000 डॉलर धरा. वर्षाला 90,000 ची वजावट, म्हणजे 90, 90 आणि 60 हजार अशी तीन वर्षं. बहुतेकांची चूक इथे होते: 2,40,000 ला 22 टक्क्यांनी गुणून ते 52,800 डॉलर वाचणार असं धरतात. तसं होत नाही. एवढी वजावट घेताना प्रमाणित वजावट, म्हणजे तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट, सुटते, आणि उत्पन्नाचा काही भाग 22 टक्क्यांतून 12 टक्क्यांच्या टप्प्यात उतरतो. 2025 चे दर आणि 31,500 ची प्रमाणित वजावट तिन्ही वर्षं धरली, राज्याचे व घरपट्टीसारखे कर मिळून आणखी 10,000 वजावटीत धरले, तर पहिल्या दोन वर्षांत सुमारे 13,375 आणि तिसऱ्या वर्षी सुमारे 8,470 वाचतात. एकूण 35,220 डॉलर.

खर्चाची बाजू, पुन्हा कल्पित पण चुकवता न येणाऱ्या बाबींची: वकील 7,000, मूल्यांकन 8,000, बेसलाइन अहवाल (जमिनीच्या आजच्या स्थितीची नोंद) 4,000, टायटल (मालकी हक्काचा शोध) आणि मोजणी 3,500, ट्रस्टचा देखरेख निधी 12,000, नोंदणी व किरकोळ 500. बेरीज 35,000.

म्हणजे वाचलेला कर आणि झालेला खर्च जवळपास सारखा. जमीन वाचवणं हाच हेतू असेल तर हे उत्तम आहे. जमीन कायमची राखली गेली आणि पदरचं फार काही गेलं नाही. पण कोणी ‘कर वाचवण्याची योजना’ म्हणून हे तुमच्यासमोर मांडत असेल, तर हेच गणित तुमच्या आकड्यांनी सीपीएकडून, म्हणजे तिथल्या परवानाधारक लेखापालाकडून, करून घ्या. त्याला 2026 पासूनचा बदलही धरायला सांगा. आता एजीआयच्या पहिल्या अर्ध्या टक्क्याइतक्या दानाची वजावट मिळत नाही.

पहिला महिना: चार प्रश्न

जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे? दोघा भावांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतात. एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या, नावावर असेल तर तिचा करारनामा काढून दान करण्याचा अधिकार कोणाला आहे ते बघा.

जमीन घेऊन किती दिवस झाले? वर्ष पूर्ण झालं नसेल तर थांबा. एक वर्ष किंवा त्याहून कमी काळ ठेवलेल्या जमिनीची वजावट वाढलेल्या बाजारभावावर मिळत नाही, खरेदीच्या किमतीत अडकते. प्लॉट पाडून विकणं हा ज्याचा धंदाच आहे, त्याचंही तसंच.

जमिनीवर कर्ज आहे का? आणि जमिनीखालचे खनिज हक्क तुमचे आहेत का? या दोन प्रश्नांवर बरेच व्यवहार मोडतात. टायटल कंपनीकडून सुरुवातीलाच शोध अहवाल घेतला तर दोन्हींची उत्तरं थोडक्या पैशांत मिळतात.

कर्ज असेल तर बँकेकडून तिचा हक्क ईझमेंटच्या खाली ठेवण्याचं संमतिपत्र घ्यावं लागतं. उद्या हप्ते थकून जप्ती आली तरी ईझमेंट टिकलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. हे पत्र दान होण्याच्या क्षणी नोंदलेलं असावं लागतं, नंतर चालत नाही. कोलोरॅडोतल्या एका प्रकरणात दस्त 2003 मध्ये झाला आणि संमतिपत्र 2005 मध्ये. दहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका केंद्रीय न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने 2015 मध्ये वजावट नाकारलेली कायम ठेवली. हप्ते कधी थकले नव्हते, याचा उपयोग झाला नाही. बँकेची प्रक्रिया फी, तिच्या वकिलाची फी आणि कधी नव्याने मूल्यांकन, असा हा खर्च असतो. ईझमेंटनंतर जमिनीची किंमत उतरणार असल्याने बँक काही मुद्दल आधी फेडायला सांगू शकते. तेवढी रोकड हाताशी आहे का, हे आत्ताच बघा. घरावरची क्रेडिट लाइन त्याच मालमत्तेवर असेल तर तिचंही पत्र लागतं, आणि ती हमखास विसरली जाते.

खनिज हक्क पूर्वीच्या कोणा मालकाने विकताना स्वतःकडे ठेवले असतील, तर उघड्या खाणकामाची शक्यता नगण्य आहे असा भूवैज्ञानिकाचा अहवाल घ्यावा लागतो. तेलाच्या आणि कोळशाच्या पट्ट्यात तो प्रतिकूलही येऊ शकतो. म्हणून हा अहवाल मूल्यांकनाच्या आधी घ्यायचा, नंतर नाही.

ट्रस्ट आणि देखरेख निधी

ईझमेंट घेणारी संस्था पात्र हवी, आणि ते पाळून घेण्याची तिची तयारी व ऐपत हवी. लँड ट्रस्ट अलायन्स ही 1982 पासूनची राष्ट्रीय संघटना. तिच्याशी निगडित आयोग ट्रस्टना मानांकन देतो. आपल्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, काम करणारा मानांकित ट्रस्ट शोधा. पहिली भेट, जमिनीवरची फेरी आणि प्राथमिक होकार-नकार याला सहसा पैसे पडत नाहीत. या फेरीत ट्रस्टचा माणूस ओढा, उतार, झाडी, शेजारची राखीव जमीन बघतो. कायद्याला संवर्धनाचा खरा हेतू लागतो: अधिवास, शेती किंवा जंगलाची मोकळी जागा, लोकांच्या विरंगुळ्याची जागा, ऐतिहासिक स्थळ. नुसतं ‘बांधकाम नको’ पुरत नाही.

ट्रस्ट तुमच्याकडे देणगी मागेल. नवख्याला हे खटकतं: जमिनीचा हक्कही द्यायचा आणि वर पैसेही? पण हिशोब सरळ आहे. दरवर्षी कोणीतरी येऊन हद्द चालून बघणार, अहवाल लिहिणार, पुढच्या मालकाशी बोलणार. यासाठी वर्षाला 400 डॉलर लागतात आणि निधीतून 4 टक्के काढता येतात असं धरलं, तर 10,000 डॉलरची ठेव लागते. त्यात कोर्टकचेरीसाठी 2,000 घाला. वरच्या उदाहरणातले 12,000 असे आले. ही रक्कम ट्रस्टागणिक बदलते, म्हणून तिचं सूत्र लेखी मागा. हप्त्याने देता येईल का, जमीन विकताना देता येईल का, हेही विचारा. काही ट्रस्ट दस्तातच अट घालतात की पुढे प्रत्येक विक्रीवर ठरावीक रक्कम निधीत यावी. ती अट तुमच्या वारसांवर येते, तेव्हा सही करण्याआधी मुलांना दाखवा.

जो ट्रस्ट निधी मागतच नाही, त्याच्याबद्दल जास्त सावध राहा. पन्नास वर्षांनी ओढ्याकाठी कोणी बुलडोझर आणला तर लढणार कशाच्या जिवावर? 2013 पासून ट्रस्टांसाठी टेराफर्मा ही खास विमा कंपनी आहे. तुमचा ट्रस्ट तिच्यात आहे का, हा प्रश्न जरूर विचारा.

दस्त

वकील तुमचा स्वतःचा हवा. ट्रस्टचा वकील ट्रस्टचं बघतो. बहुतेक ट्रस्टकडे नमुना दस्त असतो. तो जितका कमी बदलाल तितकं बिल कमी. पैसे खर्च करायचे ते राखीव हक्कांवर: मुलासाठी एक घर, विहीर, गोठा, सौर पॅनेल, शेतमाल विकायचं दुकान. घराची जागा नकाशावर आखून ठेवा आणि किती चौरस फूट ते लिहा. ‘योग्य ठिकाणी एक घर’ असं मोघम लिहिलं की वीस वर्षांनी भांडण ठरलेलं. मात्र राखलेला प्रत्येक हक्क दानाची किंमत कमी करतो, हे ध्यानात असू द्या.

दोन कलमं जीवघेणी आहेत. एक, जमिनीच्या अदलाबदलीचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका गोल्फ कोर्सच्या ईझमेंटमध्ये राखलेली जमीन बदलून दुसरी देता येईल अशी मुभा होती. चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 2014 मध्ये तेवढ्यावरून वजावट नाकारली. दुसरं, रस्त्यासाठी जमीन सरकारने घेतली किंवा ईझमेंट न्यायालयाने रद्द केलं, तर भरपाईत ट्रस्टचा वाटा किती, याचं. त्या एका वाक्यातल्या चुकीपायी अनेकांनी वर्षानुवर्षं खटले लढवले. आयआरएसने, म्हणजे केंद्रीय करखात्याने, 2023 मध्ये नोटीस 2023-30 काढून या कलमाचा सुरक्षित मजकूर दिला आहे. वकिलाला तो शब्दशः घालायला सांगा.

बेसलाइन अहवाल

दानाच्या दिवशी जमीन कशी होती, याची ही नोंद. नकाशे, शक्य तितकं ताजं हवाई छायाचित्र, जमिनीवरून काढलेले फोटो, आणि हे वर्णन बरोबर आहे असं तुमचं व ट्रस्टचं सहीचं निवेदन. जीवशास्त्रज्ञ आणि नकाशे करणारा यांचे दिवस मोजून बिल येतं. कधी हे काम ट्रस्टच करतो आणि खर्च तुमच्याकडून घेतो.

अहवाल हातात आला की तो घेऊन शेत चाला. प्रत्येक फोटोला क्रमांक, जीपीएस ठिकाण, तारीख आणि कॅमेऱ्याची दिशा हवी. ओहोळात आधीच्या मालकाने टाकलेले गंजलेले पिंप, जुने टायर, मोडकी शेड, शेजाऱ्याने दहा फूट आत सरकवलेलं कुंपण हे सगळं त्यात आलंच पाहिजे. लाजेखातर किंवा फोटो छान यावेत म्हणून असल्या गोष्टी वगळल्या जातात. पुढच्या वर्षी ट्रस्टचा माणूस तेच पिंप बघतो आणि त्याच्या लेखी तो नवा कचरा असतो, अटींचा भंग. मग निस्तरण्याचा खर्च तुमचा. सरकलेलं कुंपण अहवालाआधीच दिसलं तर मोजणी तेव्हाच करून घ्या. मोजणीवाल्याला दोनदा बोलावणं महाग पडतं.

मूल्यांकन

इथे घाई आणि लोभ दोन्ही महाग पडतात. 5,000 डॉलरच्या वरच्या दानाला पात्र अप्रेझरचं, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या व्यावसायिकाचं, पात्र मूल्यांकन लागतं. 5,00,000 च्या वर वजावट मागत असाल तर संपूर्ण अहवाल विवरणपत्राला जोडावा लागतो. पद्धत ‘आधी आणि नंतर’ची, म्हणजे ईझमेंटशिवाय जमिनीची किंमत वजा ईझमेंटसह किंमत. ‘आधी’ची किंमत ठरवताना जमिनीचा सर्वोत्तम वापर खरोखर शक्य असावा लागतो. सांडपाण्याची चाचणी नापास झालेल्या चिकणमातीवर तीस घरांची वसाहत कल्पून काढलेली किंमत टिकत नाही.

शेजारची लगतची जमीन तुमची किंवा कुटुंबाची असेल तर ती वगळून मूल्यांकन होत नाही. ईझमेंटमुळे तुमच्या किंवा नातलगांच्या दुसऱ्या जमिनीचा भाव वाढला, तर ती वाढही दानातून वजा होते. ही जमीन अप्रेझरपासून लपवली तर अख्खा अहवाल धोक्यात येतो.

तारखांचा नियम पाठ करा. अहवालावरची सहीची तारीख दानाच्या 60 दिवसांहून आधीची चालत नाही. 31 डिसेंबरला दस्त नोंदवणार असाल तर 1 नोव्हेंबरच्या आधी सही केलेला अहवाल निरुपयोगी. म्हणून अप्रेझरला दोन टप्प्यांत नेमा. उन्हाळ्यात अंदाजाचा तोंडी किंवा छोटा आकडा घ्या, त्यावरून पुढे जायचं की नाही ठरवा. होकार असेल तरच शरद ऋतूत पूर्ण अहवाल. बँकेचं पत्र लांबलं आणि दस्त फेब्रुवारीत गेला, तर अहवाल अद्ययावत करण्याची फी पुन्हा द्यावी लागते.

अप्रेझरची फी ठरलेल्या किमतीच्या टक्केवारीत असता कामा नये, कायद्याने ती चालत नाही. ही फी दानाच्या वजावटीतही येत नाही. आणि फुगवलेला आकडा हा सर्वात मोठा खर्च आहे. खऱ्या किमतीच्या दीडपट किंवा जास्त दाखवली तर बुडालेल्या करावर 20 टक्के दंड, दुप्पट किंवा जास्त असेल तर 40 टक्के. दुपटीच्या प्रकरणात ‘चूक प्रामाणिक होती’ हे सांगूनही दंड टळत नाही.

नोंदणी आणि फॉर्म 8283

दस्त, बँकेचं संमतिपत्र आणि नकाशे एकाच दिवशी कौंटीच्या नोंदणी कार्यालयात जाऊ द्या, संमतिपत्राचा क्रमांक आधी. नोंदणीची फी किरकोळ असते. नाताळच्या आठवड्यात कार्यालयांचे दिवस कमी असतात, म्हणून 15 डिसेंबर हीच शेवटची तारीख माना.

फॉर्म 8283 हा रोख नसलेल्या दानासाठी विवरणपत्राला जोडायचा फॉर्म. त्याच्या भाग ‘बी’वर अप्रेझरची आणि ट्रस्टची सही लागते. त्यात तुमची मूळ खरेदी किंमत, म्हणजे बेसिस, लिहायचा रकाना आहे. तो रिकामा ठेवल्याने मोठमोठ्या वजावटी गेल्या आहेत. जमीन वारसाने आली असेल आणि किंमत शोधायला वेळ लागत असेल, तरी ती शोधूनच भरा. ट्रस्टकडून पोचपावतीचं पत्र विवरणपत्र भरण्याआधी हातात हवं, आणि दानाच्या बदल्यात काही वस्तू किंवा सेवा दिली की नाही हे वाक्य त्यात हवं. देखरेख निधीच्या रकमेची पोच वेगळी मागून घ्या आणि ती वजावटीत कशी धरायची हे सीपीएला ठरवू द्या.

दिसत नाहीत असे खर्च

बेसिस घटतो. वरच्या उदाहरणात दान किमतीच्या 40 टक्के होतं. जमीन 2,00,000 ला घेतली असेल तर बेसिस 80,000 ने कमी होऊन 1,20,000 उरतो. पुढे विकली की तेवढा भांडवली नफा जास्त दिसतो. 15 टक्के दराने तो 12,000 डॉलरचा कर.

मालमत्ता कर, विमा, तण काढणं, कुंपण हे सारं तुमच्याकडेच राहतं. काही राज्यांत आकारणी कमी होते, पण अर्ज तुम्हाला करावा लागतो. गोठा बांधायचा तर ट्रस्टला आधी कळवणं, नकाशा देणं, कधी परीक्षणाची फी. दस्तात बदल हवा असेल तर वकिलाचा खर्च मागणाऱ्याचा.

भार हलका करायचा तर

आधी राज्याची सवलत बघा. व्हर्जिनिया दानाच्या किमतीच्या 40 टक्के करसवलत (उत्पन्नातून नव्हे, थेट राज्याच्या करातून कपात) देतं, आणि ती दुसऱ्याला विकताही येते. मात्र ऑगस्ट 2018 पासून 15 टक्क्यांहून जास्त राज्य सवलत मिळाली की तेवढी रक्कम केंद्रीय दानातून वजा होते. 2,40,000 च्या दानावर 96,000 ची सवलत, म्हणून केंद्रीय वजावट 1,44,000 वर. विकलेल्या सवलतीच्या पैशांवर कर लागतो, तोही धरा.

चालू शेती असेल तर सगळं दान करण्याची गरज नाही. केंद्रीय कृषी खात्याचा एसीईपी कार्यक्रम शेतजमिनीच्या ईझमेंटच्या बाजारभावाच्या 50 टक्क्यांपर्यंत वाटा देतो, उरलेल्यात राज्य, कौंटी आणि ट्रस्ट पैसे घालतात आणि काही भाग तुम्ही दान करता. वेळ जास्त लागतो, पण हातात रोकड येते. व्यवहाराच्या खर्चासाठी मदत करणारा निधीही काही ट्रस्ट आणि कौंटी ठेवतात. विचारल्याशिवाय तो कोणी सांगत नाही.

चार-पाच मित्रांनी मिळून एलएलसी काढून जमीन घेतली असेल, तर आणखी एक नियम लागू होतो. डिसेंबर 2022 च्या कायद्यानुसार, भागीदारीतून आलेलं दान भागीदारांच्या संबंधित बेसिसच्या अडीच पटीहून जास्त असेल तर वजावट पूर्ण नाकारली जाते. भागीदारी एकाच कुटुंबाची असेल किंवा जमीन व हिस्से घेऊन तीन वर्षं झाली असतील तर सूट आहे. एखादा नवा मित्र मागच्या वर्षी हिस्सा घेऊन आत आला असेल, तर ही तीन वर्षं त्याच्या तारखेपासून मोजा आणि तोवर अप्रेझरला बोलावू नका. ‘एक डॉलर गुंतवा, चारची वजावट घ्या’ असं सांगत कोणी तुम्हाला अशा भागीदारीत ओढत असेल, तर त्याचा कागद वाचायलाही थांबू नका. आयआरएसने 2017 पासून हे प्रकार करचुकवेगिरीच्या यादीत टाकलेले आहेत.